मॉलसमोरची मोजणी

मोजणीच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. तिथे गाड्या मोजतात, माणसं मोजतात, दुकानांची दारं मोजतात, पण किस्से मोजायचं काम कुणाकडेच नसतं. ते मोजणीच्या फॉर्मच्या पाठीमागे पडून राहतात. मग कुणीतरी पाहुणा पुण्याहून येतो, गुडगावचे मॉल बघून "काय सुधारलंय हो!" म्हणतो, आणि माझ्या तोंडून पहिला किस्सा निसटतो. एक निसटला की बाकीचे थांबत नाहीत.

आधीच सांगून ठेवतो, मी संशयी माणूस आहे. जन्मतः नव्हतो. पुण्यात असताना रिक्षाच्या मीटरपलीकडे मी कशावर संशय घेतल्याचं आठवत नाही. पण दिल्लीत आलो, मुनिरकात स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या शेजारी एका खोलीत सहा महिने काढले आणि मग गुडगावात चड्ढा साहेबांच्या कन्सल्टन्सीत चिकटलो. तिथून स्वभाव बिघडला.

आमचं काम असं होतं. कुणी बिल्डर मॉल बांधणार असला की त्याला अहवाल लागायचा. लोक किती येतील, कुठून येतील, कसे येतील, रस्त्यावर काय परिणाम होईल. देशाचा बाजार खुला झाला होता आणि गुडगावात मोहरीच्या शेतात आधी मॉल उगवायचा, मागून रस्ता यायचा. आमचा अहवाल कधी मॉलच्या आधी यायचा, कधी नंतर. मॉल चांगलाच चालणार, हे मात्र त्यात कायम असायचं.

ऑफिसात माणसं चार. चड्ढा साहेब, मी, नकाशे काढणारा इम्तियाज मुल्ला आणि चहा करणारी ओमवती. मुल्ला कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्या दोघांचं मराठी चालायचं आणि साहेबांना वाटायचं आम्ही त्यांच्याबद्दल बोलतोय. ते बरोबरच होतं.

* * *

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मुल्ला कंपास घेऊन नकाशावर वर्तुळं काढत बसला होता. मध्ये एक नवा मॉल, त्याच्याभोवती दहा मिनिटांचं वर्तुळ, मग वीस मिनिटांचं, मग तासाभराचं. या वर्तुळांत राहणारी सगळी माणसं म्हणजे मॉलची गिऱ्हाइकं.

मी सहज बघितलं तर तासाभराच्या वर्तुळात पानिपत!

गुडगाव दिल्लीच्या एका टोकाला, पानिपत दिल्लीच्या पार पलीकडे. मधे सगळी दिल्ली आडवी. मी चड्ढा साहेबांना विचारलं, हे तासाभरात कसं काय? त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांनी स्वतः गाडी चालवून बघितली आहे.

"कब, सर?"

"होली के दिन. सुबह पाँच बजे."

मी म्हटलं, साहेब, पानिपतच्या बाबतीत आमच्या लोकांचा अंदाज एकदा चुकलेला आहे, पुन्हा नको. मुल्ला कंपास खाली ठेवून हसायला लागला. साहेबांना काही कळलं नाही आणि वर्तुळ तसंच राहिलं. मुल्लाने मात्र त्या वर्तुळाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात "होळीच्या पहाटे" असं लिहून ठेवलं होतं. छपाईच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याचा अर्थ विचारला आणि ते खोडायला लावलं.

* * *

ओमवतीबद्दल सांगतो. आमचं ऑफिस एका कोठीत, म्हणजे बंगल्यात होतं आणि कोठीच्या मागच्या भिंतीला लागून तिचं गाव. गावाची शेतं विकली गेली होती, घरं राहिली होती. तिचं वय असेल चाळिशीचं. सकाळी यायची, पदराचा घुंघट मागे सारायची, स्टोव्ह पेटवायची. गावात सासरे-थोरल्या दिरांसमोर तिचं तोंड कुणाला दिसायचं नाही आणि ऑफिसात ते कधी बंद व्हायचं नाही.

माझ्यापेक्षा संशयी माणूस मी एकच बघितला, तो म्हणजे ओमवती. दूधवाल्याचं दूध ती बोटावर घेऊन बघायची. कुरियरवाल्याकडून घ्यायच्या आधी पाकीट कानाशी हलवायची. आणि चहा करायची तो आलं आणि काळी मिरी घालून, कारण बाजारच्या चहा मसाल्यात काय दळलेलं असतं ते दळणाऱ्यालाच ठाऊक.

एकदा ती कप गोळा करताना मुल्लाच्या नकाशापाशी थांबली. आपला रस्ता तिने ओळखला, आमची कोठी ओळखली. मग बोट भिंतीमागे नेलं.

"म्हारा गाम कित सै?"

मुल्लाने दाखवलं. तिथे हिरवा रंग होता. खाली सूचीत हिरव्या रंगापुढे लिहिलं होतं, मोकळी जागा.

काय लिहिलंय ते ओमवतीने मुल्लाकडून वाचून घेतलं. आपल्या घरात सहा माणसं आणि दोन म्हशी राहतात, एवढंच ती म्हणाली आणि कप घेऊन गेली. मुल्ला मला म्हणाला, "मला काय बगताय सायेब? मोकळं रान दाखवा असं वरनं सांगितलंय." त्या दिवशी तो जेवला नाही. कोल्हापूरचा माणूस जेवत नाही म्हणजे त्याला खरंच लागलेलं असतं.

* * *

आता मोजणीचा नियम. हा नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पहिला मोठा मॉल उघडला तेव्हा दारातून रोज किती लोक आत जातात ते मोजायचं काम आम्हाला मिळालं. दाराशी खुर्ची टाकायची, आत पाऊल पडलं की कागदावर एक रेघ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाले पाच.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की एक गृहस्थ सारखे आत येताहेत. पांढरे बूट, हातात काठी. या दाराने आत, त्या दाराने बाहेर, पुन्हा या दाराने आत. मल्होत्रा अंकल त्यांचं नाव, जवळच्याच सोसायटीत राहायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि बाहेर फुटपाथ नव्हता. मॉलमध्ये गार हवा होती, सपाट फरशी होती आणि चालायला कुणी मनाई करत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मिळून त्यांच्या चाळीस फेऱ्या व्हायच्या.

मी साहेबांना सांगितलं, हा एकच माणूस आहे, एकोणचाळीस रेघा वजा करायला हव्यात. साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांचं ब्रह्मवाक्य ऐकवलं.

"जगताप जी, हम आदमी नहीं गिनते. क्रॉसिंग गिनते हैं. एक पाँव अंदर, एक टिक. किसका पाँव, ये हमारा काम नहीं."

हे वाक्य पुढे त्यांनी टाइप करून भिंतीवर लावलं. अहवालात मल्होत्रा अंकल चाळीस गिऱ्हाइकं म्हणून गेले. मॉलच्या मालकाला आकडा इतका आवडला की त्याने शेजारच्या प्लॉटवर दुसरा मॉल काढायचं ठरवलं. त्यानंतर मल्होत्रा अंकल दोन्हीकडे चालायला लागले.

* * *

मानेसरचा किस्सा छोटा आहे.

एका मॉलने गिऱ्हाइकं आणायला मानेसरहून फुकट बस सुरू केली. मानेसरला गाड्यांचे कारखाने, कारखान्यांत हजारो कामगार, म्हणजे हजारो खिसे, असा हिशोब. बस पहिल्या दिवसापासून भरून यायला लागली. अहवालात आम्ही तिला मोठं यश म्हटलं.

महिन्याभराने मॅनेजरने फोन केला, की बस भरून येते पण मॉल रिकामाच. जाऊन बघितलं. कामगार बसमधून उतरत होते, मॉलच्या पुढच्या दाराने आत शिरत होते, मागच्या दाराने बाहेर पडून आपापल्या खोल्यांवर जात होते. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कामावरून घरी सोडत होतं.

मॅनेजर हुशार होता. त्याने दारात सूचनापेटी ठेवली, गिऱ्हाइकांना आणखी काय हवं ते कळावं म्हणून. आठवड्याने आमच्यासमोर उघडली तर एकच चिठ्ठी निघाली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "सेवा उत्तम है. अगला मॉल थोड़ा और आगे बनवाएँ, पैदल कम चलना पड़ेगा."

बस बंद झाली. मला अजून वाटतं की त्या सबंध वर्षात आमच्या ऑफिसात आलेली एकमेव प्रामाणिक शिफारस ती होती.

* * *

घरचाही एक किस्सा आहे. तोवर मी लग्न करून गुडगावात भाड्याने फ्लॅट घेतला होता आणि माझे वडील पुण्याहून राहायला आले होते. बाल्कनीतून समोर मॉल दिसायचा. मधे फक्त रस्ता. बाबा संध्याकाळी सदरा घालून तयार झाले, म्हणाले, चल, पाय मोकळे करून येऊ.

मी त्यांना गाडीत बसवलं. मॉलच्या विरुद्ध दिशेने निघालो. दोन किलोमीटरवर यू-टर्न आला, तो घेऊन परत आलो, मॉलच्या पुढे गेलो, सर्व्हिस रोडला लागलो, तळघरात गाडी लावली. वीस मिनिटं झाली होती. लिफ्टने वर आलो, तर काचेतून समोर आमची बाल्कनी आणि बाल्कनीत वाळत घातलेला बाबांचा टॉवेल.

बाबा टॉवेलकडे बघत म्हणाले, "समोर दिसतंय तिथे जायला पेट्रोल लागतं, हे कोणत्या सुधारणेत बसतं रे?"

मी वाहतुकीचा इंजिनियर. मी त्यांना आइसक्रीम घेऊन दिलं.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सगळ्यांना सांगत नाही.

ओमवतीच्या गावासमोरचा रस्ता पूर्वी दोन गाड्या जेमतेम जातील एवढाच होता. तो सहा पदरी झाला. मधे कमरेएवढा दुभाजक आला. अशा दुभाजकात वळायला, ओलांडायला जी मोकळी जागा सोडतात तिला दिल्लीकडे कट म्हणतात. गावासमोर असा एक कट होता. रस्त्याच्या पलीकडे गावाची शाळा होती आणि ओमवतीची मुलगी पिंकी तिथे सातवीत होती. दुपारी शाळा सुटली की ओमवती जाऊन तिला त्या कटमधून हाताला धरून आणायची, आणि मग पिंकी मुल्लाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून गृहपाठ करायची. मुल्ला तिला रंगीत पेन्सिली द्यायचा. भूगोलाच्या वहीतले तिचे नकाशे आमच्या अहवालांपेक्षा खरे असायचे.

शाळेच्या शेजारच्या प्लॉटवर भाटिया नावाच्या बिल्डरने मॉल काढला. त्याचं गेट गावापासून बरंच पुढे होतं आणि त्याला कट गेटसमोर हवा होता, गाड्या थेट आत वळाव्यात म्हणून. रस्त्याच्या खात्याने सांगितलं की एवढ्या अंतरात कट एकच मिळेल. गावासमोरचा ठेवायचा की मॉलसमोर न्यायचा ते मोजणीवर ठरेल. गावासमोर ओलांडणारे फार नसतील तर तो बंद.

मोजणी अर्थात आमच्याकडे आली, आणि भाटिया आमचा क्लायंट होता. इथेच पाणी मुरत होतं, हे कळायला संशयी असण्याचीही गरज नव्हती.

चड्ढा साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला तो भरलेलाच होता. गावासमोर पादचारी, शून्य. मी म्हटलं, सर, शून्य कसे? रोज शाळेची मुलं जातात. साहेब म्हणाले, पादचारी झेब्रा पट्ट्यांवर मोजतात. तिथे झेब्रा पट्टे आहेत का? नाहीत. म्हणजे पादचारी नाहीत. आणि पादचारी नाहीत तर झेब्रा पट्टे कशाला? मी इतकी वर्षं या ऑफिसात होतो, तरी माझं डोकं गरगरलं.

ओमवती तेव्हा चहा ठेवत होती. तिने सगळं ऐकलं. दुपारी मी पाणी प्यायला गेलो तेव्हा तिने मला स्टोव्हपाशी अडवलं.

"मेरी छोरी कित तै पार करैगी, साब?"

मी म्हटलं, बघू, अजून काही ठरलेलं नाही. हे खोटं होतं आणि तिला ते कळलं, कारण दूध फाटलंय का हे बघताना ती जसं बघायची तसं तिने माझ्याकडे बघितलं. कट बंद झाला की मुलं दोन किलोमीटर चालून यू-टर्नपर्यंत जाणार नव्हती. ती दुभाजकावर चढून उड्या मारणार होती, सहा पदरी रस्त्यावर. हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

साहेबांनी फॉर्म तसाच पाठवला, पण खात्याने तो परत केला. तिथे कुणी नवा अधिकारी होता. त्याने शेरा मारला होता, की पट्टे असोत वा नसोत, जागेवर बसून एक दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात, मोजणी करावी. साहेब चिडले नाहीत. शंभरेक मुलं येतील-जातील, त्याने काय होतंय, म्हणाले. आमचे रोजावरचे मोजणारे दुसऱ्या कामावर होते, म्हणून मलाच बसायला सांगितलं, बुधवारी.

मंगळवारी संध्याकाळी ओमवतीने माझ्या टेबलावरचा कप उचलला आणि भिंतीवर टाइप करून लावलेल्या त्या वाक्याकडे हनुवटीने खूण केली. तिला वाचता येत नव्हतं, पण साहेबांच्या तोंडून ते तिने शंभरदा ऐकलं होतं.

"एक लुगाई दो बार पार करै, तो दो गिणोगे?"

मी म्हटलं, "औरत हो या मर्द, नियम के हिसाब से, दो."

तिने मान हलवली. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. माहेरी जायचंय म्हणाली.

बुधवारी सकाळी सात वाजता मी कटपाशी स्टूल टाकून बसलो. वर छत्री, मांडीवर पाटी, पाटीला कागद. आधी शाळेची मुलं गेली. पिंकी एका घुंघट घेतलेल्या बाईचा हात धरून गेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि बघू नको असं कुणी बजावल्यासारखी पटकन मान वळवली. मी रेघा ओढल्या, दोन.

आठच्या सुमाराला बायका यायला लागल्या. डोक्यावर चाऱ्याचे भारे, कमरेवर घागरी, काखेत कपड्यांची बोचकी, आणि प्रत्येकीचा घुंघट पार हनुवटीपर्यंत. रस्त्याच्या कडेला गावातले म्हातारे हुक्का घेऊन खाटेवर बसले होते. एरवी ते चौपालात, म्हणजे गावच्या चावडीवर बसायचे. सासरे समोर बसले की सुनांनी तोंड झाकायचं, ही तिथली रीत. त्यामुळे घुंघटाआड कोण आहे, हे विचारायची सोय नाही.

अकरा वाजता माझ्या लक्षात आलं की चारा पलीकडे जातोय आणि चारा अलीकडेही येतोय. भरलेली घागर जात होती आणि भरलेली घागर परत येत होती. एकीच्या एका पायात निळी चप्पल होती आणि दुसऱ्यात लाल. ती मला दुपारपर्यंत एकोणीस वेळा दिसली. एक म्हैसही सारखी इकडून तिकडे जात होती. म्हशीला घुंघट नव्हता, त्यामुळे तिला मी नक्की ओळखलं. फॉर्मवर जनावरांचा रकाना वेगळा असतो.

बाराच्या उन्हात माझं पेन थांबलं. साहेबांना हे कळलं तर नोकरी गेली. बायको, भाड्याचं घर, पुण्याला काय सांगायचं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग मला पांढऱ्या बुटातले मल्होत्रा अंकल आठवले. एक सुखवस्तू म्हातारा गार हवेत चालून चाळीस माणसं होऊ शकतो, आणि ही बाई डोक्यावर भारा घेऊन उन्हात एकोणीस वेळा रस्ता ओलांडते तर तिची एकच रेघ ओढायची? मी एकही रेघ वाढवली नाही आणि एकही गाळली नाही. मला फार बरं वाटत होतं.

चारच्या सुमाराला एक बाई थांबली. घुंघट तसाच, तोंडातून शब्द नाही. माझ्या स्टूलशेजारी स्टीलचा पेला ठेवून ती पुढे रस्ता ओलांडून गेली. मी तिची रेघ ओढली आणि मग चहा प्यायलो. आलं आणि काळी मिरी.

संध्याकाळी सातला मी बेरीज केली. दोन हजारांच्या वर.

दोन दिवसांनी भाटिया ऑफिसात आला. चड्ढा साहेबांचा चेहरा पडला होता. त्यांनी कागद त्याच्यापुढे असा सरकवला की त्याने तो वाचू नये. पण त्याने वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला.

"इतनी लेडीज़? रोज़?"

मी म्हटलं, बुधवारचा आकडा आहे.

"जाती कहाँ हैं?"

"उस पार, सर."

"उस पार क्या है?"

"शाळा है. और आपका प्लॉट."

भाटिया खुर्चीत मागे रेलला. मग त्याने मुल्लाला हाक मारली, मॉलचा नकाशा मागवला आणि गेटवर बोट ठेवलं. हे गेट गावासमोर आणा, म्हणाला. कट आहे तिथेच राहू दे, तिथे झेब्रा पट्टे मारून घ्या, सिग्नल बसवायला मी स्वतः खात्याला पत्र देतो, एवढ्या बायका रोज दारात येताहेत आणि आपण गाड्यांची वाट बघत बसलोय. मुल्लाने त्याच्यासमोरच गेट खोडलं आणि गावासमोर काढलं. मुल्लाला इतक्या वेगाने काम करताना मी कधी बघितलं नव्हतं. जाता जाता भाटियाने कागदावर शेवटची नजर टाकली आणि जनावरांच्या रकान्यापाशी थांबला.

"ये सत्ताईस पशु?"

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे.

तो गेल्यावर साहेबांनी दार लावलं. आकडा पक्का आहे का, विचारलं. मी म्हटलं, एकेक रेघ पक्की आहे, सर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या आपल्याच वाक्याकडे बघितलं. मग त्यांनी दार उघडून ओमवतीला आत बोलावलं. ती चहाचा ट्रे घेऊन आली. आमच्यासमोर तिचा घुंघट नेहमीसारखा मागे होता. पायात एक चप्पल निळी होती आणि एक लाल.

"ओमवती, तेरे गाँव में औरतें कितनी हैं?"

ओमवतीने साहेबांचा कप त्यांच्यापुढे ठेवला. मग माझा ठेवला आणि आपल्याला काय ठाऊक, असे खांदे उडवले.

"मन्नै के बेरा, साब. गिणती तो थारी सै."

आणि शाळा सुटायची वेळ झाली होती म्हणून ती पिंकीला आणायला गेली.